दुखणाईताच्या हातची बशी

"यंदा तुम्ही काही करू नका हं, नुसता आराम करा." डिसेंबरभर हे वाक्य इतक्या जणांनी, इतक्या मायेनं म्हटलं की एका रात्री मला रडूच फुटलं. स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू आहे, दर 21 दिवसांनी. तिसरी 15 डिसेंबरला झाली. केस गेले, तोंडाला सतत लोखंडाची चव. तेही सोसतेय. पण नाताळात माझ्या घरातून कुणाकडेच बशी जाऊ नये, हे मला सोसेना.

आमचं मूळ नगरकडचं. नवऱ्याची नोकरी बंदरात, म्हणून 22 वर्षं वास्कोत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोंकणीतून ऐकायची आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' मात्र मनात मराठीतून म्हणायचं, हे आता अंगवळणी पडलंय. गोव्यातला नाताळ ज्यांना नुसता पार्ट्यांमुळे ठाऊक आहे त्यांना सांगते, इथे घरोघर फराळाची बशी फिरते. तिला कोंसुआद म्हणतात. नेवऱ्या म्हणजे करंज्या, दोदोल, दोस, कुलकुल, वर विणलेला रुमाल. हिंदू शेजाऱ्यांकडे तर हमखास जाते, त्यांच्या नेवऱ्या आपण चवथीला, गणपतीत, खाल्लेल्या असतात ना!

तळणाचा वास मला सहन होत नाही. म्हणून नवऱ्यानं मैदा आणि रवा नारळाच्या रसात मळून दिला, तळायचं काम जावेनं घेतलं, आणि कुलकुल वळायला मी बसले. हात दोनदा साबणानं धुतले. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाबून पसरायची आणि हलकेच गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारख्या रेषा उमटतात. माझ्या नखांवर केमोनं काळे पट्टे आलेत. ते बघत बघत वळत होते. दहा मिनिटं काम, वीस मिनिटं आडवं. साखर पुरेशी झाली का ते लेकीनं चाखून सांगितलं, कारण मला गोड कळतच नव्हतं. दरवर्षी अकरा बशा जातात, यंदा पाच गेल्या. पण गेल्या.

आता थोडं स्पष्ट बोलते. ओळखीच्या एका बाईंनी मला सांगितलं, खरा विश्वास असेल तर केमो सोड आणि प्रार्थनेला ये. मला त्याचा राग आला आणि अजून आहे. वैद्याची गरज निरोग्यांना नाही, दुखणाइतांना असते, हे ख्रिस्तानंच म्हटलंय. मी सलाइन लावून घेताना प्रार्थना करते, सलाइनच्या ऐवजी नाही. अशा सांगण्यानं एखादी जरी उपचार सोडून घरी बसली, तरी ते सांगणाऱ्याच्या माथी आहे.

दुसरं, तेल. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी नेमक्या नाताळातच उतरणार, संसर्ग नको म्हणून डॉक्टरांनी गर्दी बंद केलेली. मध्यरात्रीची मिस्सा नाही. तेव्हा 24 तारखेला दुपारी फादर घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन आले आणि त्यांनी माझ्या कपाळाला, तळहातांना तेल लावलं. गल्लीत लगेच कुजबुज, आता हिचं काही खरं नाही. अहो, ते मरणाऱ्याचंच तेल, ही जुनी समजूत! आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 60 वर्षांपूर्वीच सांगितलं की हा आजाऱ्यांसाठीचा संस्कार आहे, शेवटच्या घटकेची वाट बघायची नाही. गंभीर दुखणं असलेल्यांनी तो वेळेत मागावा. मला त्या दिवसापासून रात्री झोप लागायला लागली.

आणि पाकीट. दर नाताळाला आम्ही कुणा गरजूला द्यायला पाच हजार बाजूला काढतो. यंदा नवरा म्हणाला, औषधांचं बघू, देवाला कळतं. देवाला कळतं हे खरं, पण मला चैन पडेना. दोन हजार काढले. बांबोळीच्या इस्पितळात माझ्या शेजारच्या खुर्चीवर केमो घेणारी एक बाई सिंधुदुर्गातून येते. संध्याकाळी ओकाऱ्या दाबत दोन बस बदलून घरी. मालवणीत बोलते, कुणाचे पाच पैसे घेणार नाही. मी म्हटलं, "नाताळ आहे, आमच्यात देतात, गाडी करून जा." खूप वेळानं तिनं घेतलं. पुढच्या फेरीला, जानेवारीत, तिनं माझ्यासाठी घरच्या कोकमाच्या आगळाची बाटली आणली. त्या आगळाची सोलकढी ही महिन्याभरात मला चव लागलेली पहिली गोष्ट. आजाऱ्याला सगळे देतात, फळं, सल्ले, आशीर्वाद. त्याच्याकडून घेत मात्र कुणी नाही, आणि मग तो माणूस नुसता पेशंट उरतो. कृपा करून आमच्या हातचं घ्या. थोडं असेल, घ्या.

24 तारखेच्या संध्याकाळी लेक बशा घेऊन निघाली. मी मास्क लावून दारात उभी. समोरच्या म्हाताऱ्या आंटीनं बशी घेतली, रुमाल उचलून कुलकुल बघितले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "देव बरें करूं." कोंकणीत याचा अर्थ एवढाच की धन्यवाद. 22 वर्षं मी तो तसाच ऐकत आले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मराठीत ऐकला आणि मास्कच्या आतून म्हटलं, आमेन.