तुमच्या एका स्टारला माझं उत्तर: कोकोपीट, चिठ्ठी आणि पावसाळा

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. आज सकाळी तुम्ही टाकलेले तिन्ही फोटो मोठे करून पुन्हा पाहिले. तुमचं म्हणणं असं, की सापाच्या टाकीत अंथरायला आमच्याकडून नेलेल्या कोकोपीटला (नारळाच्या सालीच्या भुग्याला) पांढरी बुरशी आली, तुमच्या बॉल पायथन सापाच्या पोटाखालचे खवले तपकिरी पडले आणि डॉक्टरांनी ‘स्केल रॉट’, म्हणजे खवले सडणं, सांगितलं. उरलेला कोकोपीटचा दाबलेला ब्लॉक घेऊन तुम्ही दुकानात आलात, तर ‘फोडलेला माल परत घेत नाही’ असं उत्तर मिळालं. नर्सरीत हाच ब्लॉक एक तृतीयांश किमतीत मिळतो हेही तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी लिहिलंय, की आता हे सगळं फेकून सुताराकडचा भुसा टाकणार, नाहीतर दुसऱ्या दुकानात सांगितली तशी वाळू.

सुरुवात या शेवटच्या वाक्यापासून करते, कारण बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल. कृपा करून भुसा टाकू नका. सुताराच्या भुशात काय काय असतं हे त्यालाही सांगता येत नाही. प्लायवूड आणि एमडीएफ कापल्यावर त्यातला गोंद भुशात येतो, पॉलिश केलेल्या लाकडाचा कीस येतो, खोक्यांच्या पाइनचा येतो. पाइन आणि देवदार यांच्या वासाचं जे तेल आपल्याला चांगलं वाटतं, तेच बंद टाकीत सापाच्या श्वासात दिवसरात्र जातं आणि त्याला घातक ठरतं. शिवाय बारीक धूळ असतेच. वाळूही नको. ती कोरडी पडली की ओल धरत नाही आणि ओली झाली की गच्च बसते. तुमच्या पायथनचं पोट आता सोललेलं आहे, त्यावर वाळूचा कण म्हणजे जखमेवर मीठ.

आजच्या आज टाकी रिकामी करा, पुसून कोरडी करा आणि कालचा पेपर अंथरा. नाहीतर स्वयंपाकघरातला टिश्यू रोल. ओला झाला की लगेच बदला, घाण केली की लगेच बदला. पाण्याचं भांडं लहान ठेवा, तुमची पायथन त्यात वेटोळं करून बसू शकणार नाही इतकं. फवारा पूर्ण बंद. पुण्यात सध्या खोलीतल्या हवेतच इतकी ओल आहे की तिला कात टाकायला पेपरवरही अडचण येणार नाही. डॉक्टरांचं औषध त्यांनी सांगितलं तितके दिवस चालू ठेवा, मधेच बरं दिसलं म्हणून थांबवू नका. आणि त्यांना एक गोष्ट नक्की विचारा, की हे डाग सडण्याचेच आहेत की हीट मॅटने (टाकीखालच्या ऊब देणाऱ्या चटईने) भाजल्याचेही आहेत. दोन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात. हे का विचारायला सांगतेय ते पुढे लिहिलंय.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोबद्दल. त्या फोटोत आमच्या दुकानाची चिठ्ठी आहे. ‘कोकोपीट ३ ते ४ इंच, रोज सकाळ-संध्याकाळ फवारा.’ अक्षर माझं आहे. काउंटरवरच्या मुलाने काही चुकीचं सांगितलं असं नाही, ही चिठ्ठी मीच लिहून दिली होती.

तो दिवस मला आठवतो. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. तुम्ही तिची कात प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, पाच-सहा तुकडे. मी डोक्याकडचा तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला. कात नीट निघाली असती तर त्यात दोन्ही डोळ्यांवरच्या बारीक गोल चकत्या दिसल्या असत्या, काचेच्या भिंगासारख्या. एकच होती. म्हणजे दुसरी अजून तिच्या डोळ्यावरच चिकटलेली. तेव्हा तुम्ही तिला पेपरवर ठेवत होतात, खोलीत पंखा चालू, आणि पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते. बॉल पायथनला साधारण ५० ते ६० लागते आणि कात टाकायच्या दिवसांत त्याहून थोडी जास्त. म्हणून मी पेपर काढून कोकोपीट घालायला सांगितलं. मे महिन्यात तुमचा फोन आला होता, की या वेळी कात अख्खी निघाली, डोळ्यांसकट. त्या दिवशी दुकानात आम्ही सगळेच खूश झालो होतो.

मग जून आला, पाऊस लागला, आणि चिठ्ठी तीच राहिली. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून रोज दोन वेळा फवारा मारत राहिलात. जुलैत बाहेरची हवाच ८० टक्क्यांच्या वर असताना आत आणखी पाणी जात होतं. ‘पाऊस सुरू झाला की फवारा बंद’ एवढं एक वाक्य मी लिहायला हवं होतं. ते लिहिलं नाही, आणि त्याची किंमत तुमच्या पायथनने मोजली. याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते.

पण चूक नेमकी कुठे झाली हे नीट सांगितलं नाही, तर तुम्ही कोकोपीटला दोष द्याल आणि पुढच्या एप्रिलमध्ये कात पुन्हा तुकड्यांनी निघेल. हे प्राणी मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले, घाना, टोगो, बेनिन या भागातले. तिथल्या गवताळ रानात ते दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात बसून असतात. बिळातली हवा दमट असते, पण बसायची जमीन चिखल नसते. टाकीत आपल्याला तेच करायचं असतं. हवेत ओल हवी, पोटाखाली पाणी नको. फवाऱ्याने नेमकं उलटं होतं. वरचा थर भिजतो, साप त्याच्यावरच बसतो, आणि काचेवर चार थेंब दिसले की आपल्याला वाटतं काम झालं. खरं सांगायचं तर एप्रिलमध्येसुद्धा मी फवारा सांगायला नको होता. एका कोपऱ्यात, कडेकडेने थोडं पाणी ओतायचं, ते तळाला मुरतं, वरचा थर कोरडा राहतो आणि ओल हळूहळू वर येते. कात टाकायच्या दिवसांत एका डब्यात ओलं मॉस (शेवाळ) घालून तो लपायच्या जागेसारखा ठेवायचा, म्हणजे तिला हवं तेव्हा ती आत जाते आणि हवं तेव्हा कोरड्यात येते.

तुमच्या पहिल्या फोटोत कोकोपीटचा रंग चहाच्या चोथ्यासारखा काळपट दिसतोय. नीट भिजवून पिळलेलं कोकोपीट फिकट तपकिरी आणि भुरभुरीत दिसतं. मूठभर घेऊन जोरात दाबायचं, बोटांतून एकही थेंब पडता कामा नये, आणि मूठ उघडली की गोळा थोडा धरून मग फुटायला हवा. तुमच्याकडचं दाबलं असतं तर ओंजळभर पाणी निघालं असतं असं मला फोटोवरूनच वाटतंय. त्याच फोटोत काचेवर चिकटवलेला काट्याचा गोल आर्द्रतेचा मीटर ६० दाखवतोय आणि काचेवरून पाण्याचे ओघळ आहेत. तो मीटर काढून टाका. तसे मीटर पूर्वी आम्हीही विकलेत. काटा एकदा अडकला की महिनोन्‌महिने तिथेच राहतो. सेन्सर असलेला डिजिटल घ्या आणि सेन्सर सापाच्या उंचीला ठेवा, झाकणाजवळ नाही.

आणि हीट मॅट. ती टाकीच्या खाली आहे आणि वर चार इंचांचा थर. एवढ्या जाड कोकोपीटमधून ऊब वर पोहोचत नाही, मग साप ऊब शोधत खाली खणत जातो. फवाऱ्याचं पाणीही मुरून तिथेच साठलेलं, आणि ऊब ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट नसेल तर तळाची काच किती तापलीय हे वरून कळत नाही. म्हणून भाजल्याचं विचारा म्हटलं. मॅट तळाला असेल तर त्या बाजूला थर पातळ ठेवायचा, थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि काच यांच्या मधे बसवायचा. हेही मी तेव्हा विचारायला हवं होतं. तुम्ही कात दाखवत होतात, मी कातीतच गुंतले.

बुरशीचं म्हणाल तर कापसासारखी जी पांढरी आलीय ती कोणत्याही ओल्या, हवा न लागणाऱ्या काडीकचऱ्यावर येते. याच लॉटचा एक ब्लॉक मी दुकानात दोन डब्यांत भिजवून ठेवलाय, एक पिळून आणि एक थबथबीत. पिळलेला अजून स्वच्छ आहे, दुसऱ्याला आठव्या दिवशी कडेला पांढरं दिसायला लागलं. माल नासका नव्हता, पण हे सांगून मी जबाबदारीतून सुटत नाही. ओल्या मालाचं काय होतं हे दुकानदाराने आधी सांगायचं असतं.

नर्सरीच्या किमतीबद्दल तुम्ही बरोबर आहात. आमचा ६५० ग्रॅमचा ब्लॉक २४० रुपयांना आहे आणि त्यात जादू काही नाही. तोही नारळाच्या सालीचाच भुगा आहे, तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडून येतो. नर्सरीतला ब्लॉकही चालेल, फक्त दोन गोष्टी बघा. पाकिटावर ‘वॉश्ड’ किंवा ‘लो ईसी’ लिहिलेलं हवं, म्हणजे सालीतलं मीठ धुऊन काढलेलं आहे. आणि त्यात खत, गांडूळखत किंवा कसलीही कीटकनाशक पूड मिसळलेली नको. सुटं, गोणीतून दिलं जातं ते घेऊ नका, त्यात काय मिसळलंय कळत नाही. या महिन्यापासून आम्हीही ५ किलोचा मोठा ब्लॉक ठेवतोय, तो किलोमागे बराच स्वस्त पडतो. छोट्या पाकिटाचा भाव मी आधीच कमी करायला हवा होता.

काउंटरवर तुम्हाला जे उत्तर मिळालं, तो दुकानाचा नियम आहे आणि त्या मुलाने तो पाळला. नियम माझा आहे, त्यामुळे राग माझ्यावर काढा. पण ज्या मालाबरोबर आम्ही चुकीची सूचना दिली, तो फोडलेला असो वा संपलेला, परत घेतला जाईल. तुमच्या बिलाचे पैसे, आणि डॉक्टरांच्या पहिल्या भेटीची फी, दोन्ही मी देणार आहे. पावती असली तर आणा, नसली तरी चालेल, बिल आमच्याकडे आहे.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही. तुमचा रिव्ह्यू आहे तसाच राहू द्या, जुलैत टाकीत फवारा मारणाऱ्या आणखी कोणाच्या तरी तो वाचनात येईल. एप्रिलपासून माझ्या हातच्या अशा चिठ्ठ्या ज्यांना गेल्या, त्यातल्या ज्यांचे नंबर बिलावर आहेत त्या सगळ्यांना आज सकाळपासून फोन करतेय. दुपारपर्यंत अकरा जणांशी बोलणं झालं, त्यातल्या दोघांच्या टाकीतही पाणी साठलेलं निघालं. त्यांचे साप अजून ठीक आहेत.

पोटाची जखम भरून यायला वेळ लागेल. सौम्य असेल तर दोन-तीन कातींनंतर खवले पुन्हा स्वच्छ येतात. तोवर पेपरच ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटी हवा कोरडी व्हायला लागली की मला फोन करा, मी घरी येऊन टाकी बघेन, मॅट आणि सेन्सर नीट लावून देईन आणि मग कोकोपीट घालायचं की नारळाच्या सालीचे जाडे तुकडे ते तिथेच ठरवू. त्याचे पैसे नाहीत. दुकान सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी दहानंतर मी असते.