राक्षस तालीम करून आलेले असतात

हॅक अँड स्लॅश, म्हणजे तलवारीनं शत्रू कापत सुटायच्या जातीचे व्हिडिओ गेम म्हणजे नुसता बटणं बडवायचा उद्योग, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या भाचीसमोर बसून एकदा खेळून दाखवावं. चवथीला गोव्यात माशेलच्या मूळ घरी येताना बाकीची मंडळी गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायला रानातली फळं, नारळ, सुपारीचे घोस घेऊन येतात. ही प्लेस्टेशन घेऊन आली. गणपतीच्या खोलीत न लावता आतल्या खोलीतल्या टीव्हीला जोडला, एवढाच काय तो विधिनिषेध.

गेम होता 2019 सालचा ‘डेव्हिल मे क्राय 5’. त्यातला नीरो हा पोरगा माझ्या वाट्याला आला. त्याचा उजवा हात कोणीतरी उपटून नेलेला आहे. त्या जागी यांत्रिक हात बसवलाय, आणि तलवारीला चक्क मोटारसायकलची मूठ. मूठ पिळली की तलवार पेटते. वाराच्या नेमक्या क्षणी पिळली तर पुढचा वार जास्त जोरात बसतो. म्हापशाच्या स्टँडवरच्या कुठल्याही पायलटानं, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यानं, हुंडा म्हणून मागावी अशी चीज.

तलवार म्हटल्यावर मी सरसावून बसलो. गोव्यात जत्रेला मराठी नाटक करायची रीत आहे, आणि आमच्या देवळासमोरच्या रंगमंचावर मी ऐतिहासिक नाटकांत कित्येकदा लढलोय. बेगड लावलेली लाकडी तलवार का होईना, एक वर, एक खाली, एक मध्ये, गिरकी, की समोरचा मावळा पडलाच. कधी पडायचा विसरला तर त्याच्या कानात सांगायचीही सोय होती.

इथं ती सोय नाही. त्रिकोणाचं बटण म्हणजे तलवार, चौकोन म्हणजे बंदूक, फुली म्हणजे उडी. इथपर्यंत बालवाडी. आर-वन दाबून धरलं की एका राक्षसावर नजर खिळते, आणि मग तोच त्रिकोण कंट्रोलरची दांडी पुढं ढकलून दाबला तर नीरो झेपावत जाऊन वार करतो, मागं ओढून दाबला तर राक्षसाला हवेत उडवतो. पण हे पुढं-मागं टीव्हीचं नव्हे हं, राक्षसाचं! तो माझ्या डावीकडं असेल तर ‘मागं’ म्हणजे उजवीकडं. तेवढ्यात कॅमेरा फिरला की ‘मागं’ही फिरलं. म्हणजे आधी राक्षस कुठं आहे ते बघा, मग आपण कुठं आहोत ते बघा, मग दिशेचं गणित करा, आणि तोवर चहूकडून मार खा.

या गडबडीत डावं बोट एल-वनवर जायचं. ते बटण यांत्रिक हात स्फोट करून फेकून द्यायचं आहे. अडचणीत सापडलात तर हाताची आहुती देऊन निसटा, अशी त्यामागची उदात्त कल्पना. मी अडचण यायच्या आधीच आहुती देत होतो. प्रत्येक स्फोटाला भाची कपाळावर हात मारून घ्यायची. “मामा, हात परतून फोडलो!”

तिचा दुसरा मंत्र म्हणजे “मातसो राव!”, कोंकणीत ‘जरा थांब’. राव म्हणजे किती राव, तर एखाद-दोन डझन फ्रेम. या गेममध्ये सेकंदाला साठ चित्रं हलतात, म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग. राक्षसानं हात उगारलेला डोळ्यांना दिसून बोट हलेपर्यंत धडधाकट माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम तिथंच खर्ची पडल्या. हा हिशेब उपाशीपोटी केलेला असावा. खतखतं आणि पातोळ्यांनंतर शरीर कुठल्या फ्रेमला हलतं यावर कोणी संशोधन केलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

शिवाय एकदा बटण दाबलं की माघार नाही. तलवार उचलली की ती फिरून खाली येईपर्यंत नीरो त्या वाराचा गुलाम. घाबरून चारदा त्रिकोण दाबला की तो इमानेइतबारे चारही वार करतो, समोर कोणी असो वा नसो. खरी विद्या आहे ती हे वार मधेच तोडण्याची. भाची हवेतल्या राक्षसाच्या डोक्यावर पाय देऊन पुन्हा उडी मारते, त्या उडीनं अर्धवट राहिलेला वार रद्द होतो आणि नवा सुरू करता येतो. असं करत ती राक्षसाला जमिनीला पाय लावू देत नाही. बाजूची उडी मारतानाचे सुरुवातीचे काही क्षण तर नीरोला काहीच लागत नाही, तलवार अंगातून आरपार गेली तरी. ते क्षण तिला बोटांनी कळतात. मला मेल्यावर कळतात.

हवेत झेलत ठेवण्याचं हे खूळ मुळात एका चुकीतून आलं म्हणे. हा गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीत ‘ओनिमुशा’ नावाचा सामुराईंचा गेम बनत असताना एका बगमुळं शत्रू वार खात हवेतच लटकत राहायचा. दिग्दर्शक हिदेकी कामियाला तेच आवडलं, आणि 2001 साली पहिल्या ‘डेव्हिल मे क्राय’मध्ये त्यानं त्या चुकीला मानाचं पान वाढलं. आमच्या नाटकात पडदा मधेच अडकला तेव्हा आम्ही सुताराला बोलावलं होतं.

एव्हाना थोरले काका येऊन बसले होते. गावच्या नाटकांचे दिग्दर्शक. काका घरात कोंकणी बोलतात, पण नाटकाचा विषय निघाला की शुद्ध मराठीत शिरतात. त्यांनी चष्मा सावरला आणि पहिला आक्षेप नोंदवला. “हा नट सगळा वेळ प्रेक्षकांकडे पाठ करून का उभा आहे?”

“आजोबा, कॅमेरा त्याच्या मागं असतो.”

“मग कॅमेऱ्याला सांगा विंगेत उभा राहायला.”

पण थोड्या वेळानं काकांच्या लक्षात एक गोष्ट आली जी माझ्या आली नव्हती. आठ राक्षस सभोवती, पण एकावेळी अंगावर येत होते एक-दोनच. उरलेले फेऱ्या मारत होते, गुरगुरत होते, कुंपणावरच्या सरड्यासारखे माना हलवत होते. “बघ,” काका म्हणाले, “त्यांना एंट्री ठाऊक आहे.” खरंच आहे. असले गेम बनवणारे एकावेळी किती जणांनी हल्ला करायचा ते बांधून देतात, आणि कित्येक गेममध्ये कॅमेऱ्याबाहेरच्या राक्षसाला जरा थोपवूनही धरतात. वार करायच्या आधी राक्षस हात पूर्ण उगारतो, ओरडतो, क्षणभर थांबतो. एवढं सभ्य वर्तन आमच्या हाउसिंग सोसायटीच्या बैठकीत दिसत नाही. म्हणजे सगळ्यांची तालीम झालेली. मी तेवढा आयत्या वेळी उभा केलेला बदली नट.

आणि याचे मार्क जाहीरपणे पडद्यावर. डी, सी, बी, ए, मग एस, डबल एस, ट्रिपल एस. एकच वार सारखा केलात तर श्रेणी चढत नाही, वैविध्य लागतं. मार खाल्लात की घसरगुंडी. त्याहून अपमानास्पद म्हणजे पार्श्वसंगीतही श्रेणीला बांधलेलं आहे. गाण्याचं ध्रुवपद एस आल्याशिवाय उघडतच नाही. भाची खेळताना अख्ख्या घरात ते घुमायचं. मी बसलो की गाणं कडव्याच्या पायरीवर घुटमळत राही, आणि स्वयंपाकघरातून विचारणा होई, “आता मामा बसलो मां?”

मग कधीतरी कंट्रोलरच्या मधल्या टचपॅडवर अंगठा पडला. नीरो थांबला, हात पसरून त्यानं राक्षसाला काहीतरी खिजवून सुनावलं, आणि श्रेणी ‘बी’वरून ‘ए’वर गेली. न मारता!

“ते डिवचायचं बटण,” भाची म्हणाली. “त्याचेही मार्क मिळतात.”

हे मला आधी का सांगितलं नाही? गोव्याच्या रंगभूमीवर आम्ही दुसरं केलंय काय? चार वार करावे, छाती काढावी, दोन वार करावे, पुन्हा हात पसरावे. काका पुढं सरकले. “आवाज! शेवटच्या रांगेपर्यंत!” मी पॅडला अंगठा टेकवला तो उचललाच नाही. पडद्यावर एस झळकला आणि ध्रुवपद असं काही उसळलं की आजी हातातली फुलवात तशीच घेऊन दारात आली. आरती आपल्याशिवाय सुरू झाली की काय म्हणून.

समोरच्या राक्षसानं हात उगारला. मी पाहिला. बारा फ्रेम, पंधरा फ्रेम, माझ्याकडं भरपूर वेळ होता. पण वाक्य अर्धं झालं होतं.

भाचीनं डोळे मिटून घेतले. “मामा, उडी तरी मारायची!”

“राहू दे गं,” काका म्हणाले. “टाळी घेऊन मेला.”