अफू, बिरडं आणि गवत : ‘अलिबागकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अलिबागकर, नमस्कार.

‘मागे काय ठेवून जायचं?’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, आणि तिसऱ्यांदा कळलं की ‘अभिप्रायाबद्दल आभार’ एवढ्यावर माझी सुटका नाही.

ज्यांनी ते दोन्ही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखात मी रब्बी तारफोन या प्राचीन ज्यू धर्मगुरूचं वचन घेतलं होतं : काम पुरं करणं तुझ्यावर नाही, पण ते टाकून द्यायलाही तू मोकळा नाहीस. त्या अंगाने ज्यू माणूस आयुष्याकडे आणि वारशाकडे कसा बघतो ते मांडलं होतं, आणि उदाहरण म्हणून पुण्याच्या ससून रुग्णालयाचं नाव घेतलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप. ससूनचा पैसा अफूचा होता, ते मी गाळलं. ज्यांची माणसं म्हाताऱ्यांना मागे ठेवून, गाव सोडून इस्राएलला गेली, मशिदींना कुलपं लागली, कबरींवर गुडघाभर गवत माजलं, त्यांनी वारशाच्या गोष्टी सांगाव्यात हा विनोद आहे. आणि मेल्यावर नाव राहावं ही धडपड म्हणजे शेवटी अहंकारच.

(‘मशीद’ वाचून कुणी दचकू नये. आम्ही कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, सिनेगॉगला पूर्वीपासून मशीदच म्हणत आलो. मुंबईच्या मस्जिद स्टेशनाचं नावही १७९६ सालच्या आमच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात.)

पहिला आक्षेप मान्य, आणि त्याला ‘पण’ जोडत नाही. डेव्हिड ससून १८३२च्या सुमारास बगदादहून मुंबईत आले. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती आणि त्या धंद्यात हे घराणं पुढे अगदी वरच्या रांगेत जाऊन बसलं. १८६४मध्ये ते पुण्यात वारले, रुग्णालय १८६७मध्ये उघडलं. कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे, ती मी पाहिली आहे, तिच्याबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि अफूचा ‘अ’ काढला नाही. धंदा तेव्हा कायदेशीर होता, पारशी, गुजराती, इंग्रज असे सगळेच त्यात होते, वगैरे मला ठाऊक आहे. त्याने हिशेब चुकता होत नाही.

खरं तर आमच्याच ग्रंथांनी मला टोकायला हवं होतं. तलमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या आमच्या जुन्या ग्रंथात, एक रोखठोक उतारा आहे. एकाने गहू चोरले, दळले, मळले, भाजले, नियमाप्रमाणे त्यातला देवाचा वाटाही बाजूला काढला आणि वर आशीर्वचन म्हटलं. तर हा देवाची स्तुती करत नाहीये, निंदा करतोय. तिथेच थोडं पुढे दुसरा प्रश्न येतो, तो मला जास्त अस्वस्थ करतो. ज्याने असंख्य लोकांना लुबाडलं आणि आता कुणाकुणाला लुबाडलं ते त्यालाच आठवत नाही, त्याने पश्चात्ताप कसा करायचा? अशांचा पश्चात्ताप अवघड, असं तलमूद आधीच बजावतं. ओळख पटेल त्यांना परत द्या, उरलेल्यातून सार्वजनिक कामं करा. रब्बी हिस्दा म्हणतो, विहिरी खणा, पाण्याची टाकी बांधा. म्हणजे लुटला गेलेला माणूस जाता-येता कधीतरी ते पाणी पिईल.

ससून रुग्णालय ही अशी विहीर आहे का, याचा मी गेले आठ दिवस विचार करतोय. अडचण अशी की विहीर खणली पुण्यात आणि लुटलेली माणसं होती चीनमध्ये. कँटनच्या अफूबाजाला ससूनमधली खाट कुठून मिळणार? शिवाय डेव्हिडशेठनी ते प्रायश्चित्त म्हणून दिलं असं मानायला माझ्याकडे काही आधार नाही. तेव्हा तो भाग मी लेखात दुरुस्त करतोय. रुग्णालयाचं मोल त्याने कमी होत नाही, तिथे आज रात्री ज्याला सलाईन लागेल त्याने अफूची चिंता करू नये. पण ‘वारसा’ म्हणताना नफ्याबरोबर देणंही लिहायला हवं होतं.

आणखी एक कबुली. ससून बगदादी ज्यू, आम्ही बेने इस्राएल. बगदादी मंडळींनी आम्हाला बराच काळ आपल्या बरोबरीचं मानलंच नाही. ज्यांनी आजोबा-पणजोबांना दाराबाहेर ठेवलं त्यांचाच मोठेपणा मी ‘आपला’ म्हणून मिरवला. ही हौस कशातून येते ते तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र भांडणार आहे.

तुम्ही म्हणता, काही उरलं नाही. अहो, आमची गोष्ट सुरूच होते ‘काही उरलं नाही’ इथून, आणि तीही तुमच्या अलिबागेजवळच. नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना दोन ढिगाऱ्यांखाली पुरलं. ही आख्यायिका आहे, तिच्यातलं इतिहासाला किती पटेल यावर वाद चालतात, चालू देत. पण आख्यायिका काय जपते ते बघा. ग्रंथ समुद्रात गेले. हिब्रू गेली. राहिलं ते एवढं : मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी, ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना, आणि शनिवार. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. पुढे कधीतरी दाविद रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला. हे आपलेच का, याची त्याला खात्री करायची होती. त्याने पोथी नाही मागितली. बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवले-पर नसलेली निवडून बाजूला सारली. झाली परीक्षा.

माझी आजी ही गोष्ट सांगताना इथे थांबायची आणि म्हणायची, ‘पुरुषांना विचारलं असतं तर नापास झालो असतो.’

मुद्दा असा की हा वारसा कुलूप लावता येईल अशा जागेत कधी नव्हताच. तो स्वयंपाकघरात होता आणि बुडवलेल्या एका दिवसाच्या कमाईत होता. येरुशलेमचं मंदिर इसवी सन ७०मध्ये पडलं, त्याचा शोक जगभरचे ज्यू उपास करून पाळतात. आमच्याकडे त्याचं नाव ‘बिरड्याचा सण’. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. हजारो मैलांवरच्या, कुणीच न पाहिलेल्या मंदिराचं सुतक वालाच्या बिरड्यातून पाळणारे लोक आहोत आम्ही. नवस फेडायला मलिदा करतो तोही पोहे, गूळ, खोबऱ्याचा, आणि नाव घेतो एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं.

यावर कुणी म्हणेल, हे ज्यू कसलं, हे तर कोकणी. तलमुदात एक गंमत आहे. सीनाय पर्वतावर ज्याला देवाकडून धर्मशास्त्र मिळालं त्या मोशेला देव पुढच्या काळातल्या रब्बी अकिवाच्या वर्गात नेऊन बसवतो. मोशे मागच्या रांगेत बसतो, आणि चाललेलं त्याला काहीच कळत नाही. बिचारा खचतो. मग एक शिष्य विचारतो, गुरुजी, हे कुठून आलं? अकिवा म्हणतो, सीनायवर मोशेला मिळालं तिथून. तेव्हा मोशेच्या जिवात जीव येतो. पोहे बघूनही तो असाच बुचकळ्यात पडला असता असं मला वाटतं.

आता जाण्याबद्दल. हो, गेले. १९४८नंतर बहुतेक गेले, भारतात आता आम्ही काही हजार. माझ्या चुलत भावंडांपैकी मी एकटा इथे. म्हातारी माणसं मागे राहिली, हे तुमचं वाक्य लागलं, कारण त्यातलं एक घर आमचं होतं. यावर मला हॅम्बुर्गची ग्लिकल आठवते. १७व्या शतकातली व्यापारी बाई. १६८९मध्ये नवरा वारला, झोप येईना, म्हणून मुलांसाठी आठवणी लिहायला बसली. त्यात सुरुवातीलाच पक्ष्याची गोष्ट आहे. वादळात एक पक्षी आपली तीन पिल्लं एकेक करून समुद्रापार नेत असतो. वाटेत विचारतो, मी म्हातारा झालो की मला असं नेशील? पहिलं म्हणतं, हो बाबा, नक्की. खोटं बोलतोस म्हणून तो त्याला सोडून देतो. दुसऱ्याचंही तेच. तिसरं म्हणतं, तसं वचन देता येणार नाही, पण तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मी माझ्या पिल्लांसाठी करीन. तेवढं एक पार पोचतं.

क्रूर गोष्ट आहे. माझ्या काकूने ती ऐकून ‘मेला बाप!’ म्हटलं होतं. पण स्वतःच्याच मुलांना हे लिहून देणारी आई मला आवडते. माझ्या काकांनी मुलांना इस्राएलमधल्या अश्दोदला जायला पैसे दिले ते घर विकून. त्यांना कुणी विचारलंच नाही की मागे काय उरणार.

आणि जे उरलं त्याचा वापर आमच्याच माणसांनी करावा, असं कुठे लिहिलंय? हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. माझगावात ती आज सर एली कदुरी यांच्या नावाने चालते. ज्यू मुलं जवळपास नाहीत. वर्ग भरलेले आहेत.

तिसरा मुद्दा, नावाचा. वडील गेले तेव्हा मी अकरा महिने कद्दीश म्हटला. ही प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष हजर लागतात. रोज दहा पुरुष जमणं ठाण्यातही सोपं नाही, म्हणून शनिवारचा नेम धरला. कित्येकदा नऊ जण असायचे आणि दहाव्यासाठी कळव्याला फोन जायचा. कद्दीश ही मृतासाठीची प्रार्थना, पण तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही आणि मेलेल्याचं नावही नाही. आहे ती फक्त देवाच्या नावाची थोरवी, तीही अरामी भाषेत. नाव घ्यायला हश्काबा ही प्रार्थना वेगळी आहे, तेव्हा नाव आम्हाला अगदीच नको असं म्हणणार नाही. अकरा महिनेच का, तर पापी माणसाचा निवाडा बारा महिने चालतो अशी समजूत. आपला बाप तेवढा वाईट नव्हता, म्हणून मुलगा महिनाभर आधी थांबतो. अहंकार म्हणायचा तर म्हणा, पण त्या अकरा महिन्यांत वडिलांचं नाव मोठं व्हावं असं एकदाही मनात आलं नाही. कळव्याचा माणूस वेळेवर येतोय का, एवढंच असायचं.

राहिलं गवत. ते खरं आहे. नव्याच्या सणाआधीच्या, म्हणजे ज्यू नववर्षाआधीच्या महिन्यात आम्ही कबरींवर जातो, आणि हा महिना पडतो श्रावण-भाद्रपदात, म्हणजे गवत सगळ्यात उंच असताना. दर वर्षी कापतो, पुढच्या वर्षी ते तिथेच असतं. यंदा आम्ही चौघंच आहोत, त्यातल्या एकाचा गुडघा गेलाय. तुम्ही अलिबागलाच असाल तर एक धारदार कोयता लागेल. मागच्या वर्षीचा गंजला.