म्हसवडच्या बायकांनी व्याज तोंडी काढलं, तेव्हा कुठे बँक मिळाली

बँकेचा इतिहास सांगायचा म्हटलं की संस्थापक, उद्घाटन आणि ठेवींचे आकडे येतात. म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा इतिहास मात्र खातेदार बायकांच्या हट्टाचा आहे, आणि तो तसाच सांगितला पाहिजे.

सातारा जिल्ह्यातला माण तालुका कायमचा दुष्काळी. पुढे या बँकेच्या संस्थापक झालेल्या चेतना गाला सिन्हा मुंबईहून लग्न करून इथे आल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. पण रक्कम इतकी किरकोळ की कुठलीच बँक खातं उघडेना.

मग बायकांनी आपलीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण अर्ज करणाऱ्यांत निरक्षर बायका होत्या. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. यांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी थेट रिझर्व्ह बँकेच्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही लहान असताना गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष? कुठलीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं! १९९७ मध्ये परवाना मिळाला. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी काढलेली ही देशातली पहिली सहकारी बँक. २००४ नंतर नव्या नागरी सहकारी बँकांचे परवानेच थांबले. अर्ज फेटाळल्यावर या बायका खचून घरी बसल्या असत्या, तर ही बँक कदाचित झालीच नसती.

पुढेही हेच. बँकेत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बँकच बाजारात आणि दारात जाऊ लागली. डिजिटल व्यवहार आले तेव्हा बायकांनी पिन नको म्हणून सांगितलं. पिन कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार? त्यांचं म्हणणं पटलं आणि बोटाच्या ठशावर व्यवहार सुरू झाले.

आज गावोगावच्या शाखांत म्हाताऱ्या माणसांना ‘ॲपवर करा’ म्हणून काउंटरवरून परत पाठवलं जातं, तेव्हा मला मनापासून राग येतो. माणूस बँकेच्या सोयीने बदलत नसेल तर तो अडाणी, हा विचारच चुकीचा आहे. म्हसवडला खातेदार बोलल्या आणि बँक बदलली. आपल्या शाखेत ग्राहकांची बैठक होत असेल तर जा, आणि अडचण लेखी द्या. होत नसेल तर ती घ्यायला लावा.