टॅक्स माफ आहे, पण सांगणार कोण?

ब्रिटनमधल्या कौन्सिलांवरचा, म्हणजे तिथल्या महापालिकांवरचा, एक लेख वाचला. तिथे घर, शाळा आणि दवाखाना या बाबतींत सैनिकी कुटुंबांचा विचार करणं 2022 पासून कायद्यानेच बंधनकारक आहे, हे वाचून जरा हेवा वाटला. पण आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. 2020 पासून महाराष्ट्रात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या घराच्या मालमत्ता करात माफी आहे. फक्त ते सांगत कोणी नाही!

माझे सासरे लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नागपूरजवळ कामठीला, रेजिमेंटच्या केंद्रातच भरती होऊन घडलेला माणूस. तरी दोन वर्षं मुकाट टॅक्स भरत राहिले. शेवटी शेजारच्या काकांकडून कळलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, डिस्चार्ज बुक, जुन्या पावत्या, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून महापालिकेच्या झोन ऑफिसात गेलो, तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, पोलिसात होते का तुम्ही?" सासरे हसले. मला नाही हसू आलं.

टॅक्सच्या बिलामागे दोन ओळी छापायला किती खर्च येतो हो? आणि प्रत्येक झोनमध्ये ही कामं माहीत असलेला एक तरी माणूस बसवा. नाहीतर 26 जानेवारी, 15 ऑगस्टला सत्कार आहेतच. सासऱ्यांच्या कपाटात अशा तीन लोकरी शाली पडून आहेत. नागपुरात, बापा, लोकरी शाली!