लिफ्ट चालू आहे

गेल्या तीन महिन्यांत मी जिन्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य म्हणजे, "नाही, चालू आहे." वरून उतरणारा प्रत्येक जण दचकून विचारतो, "लिफ्ट बंद आहे का हो?" मी धापा टाकत सांगतो, "नाही, चालू आहे." मग तो माझ्याकडे काळजीनं बघतो आणि पायरीवर जरा बाजूला सरकतो. मी अंगावर पडेन या भीतीनं असेल.

याला कारण आमचे डॉक्टर. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१ आली होती. मधुमेह नाही, पण मधुमेहाच्या सोसायटीत फ्लॅट बघून आल्यासारखं.

"जिमला जाता?"

"पैसे भरलेत."

"सकाळी चालता?"

"पाऊस संपला की सुरू करणार."

"राहता कितव्या मजल्यावर?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण सातव्या मजल्यावरून आमच्या ठाण्याची खाडी दिसते, आणि ते कुणी विचारो न विचारो, सांगायची मला सवय आहे. खाडीचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "वा! मग उद्यापासून लिफ्ट बंद."

खरं म्हणजे माझं बालपण गिरगावातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर गेलं. लाकडी जिना, मधोमध झिजून वाटीसारख्या खोलगट झालेल्या पायऱ्या. दही आणून वर पोचावं तर आईला आलं आठवायचं, आलं आणावं तर कढीपत्ता. दिवसातून वीस-पंचवीस फेऱ्या सहज व्हायच्या, पण त्याला कुणी व्यायाम म्हणत नसे. उंडारणं म्हणत.

पहिल्या दिवशी मी पायऱ्या मोजल्या. मजल्याला अठरा, म्हणजे सातव्या मजल्यापर्यंत १२६. पुण्याच्या मेहुण्याला फोन करून सांगितलं, कारण तो पर्वतीला रोज जातो आणि तिथल्या १०३ पायऱ्या येताजाता ऐकवतो. तो शांतपणे म्हणाला, "हो, पण वर पोचल्यावर तुला काय दिसतं?" त्याला देवदेवेश्वराचं देऊळ दिसतं आणि खाली सगळं पुणं. मला माझाच चपलांचा स्टँड दिसतो.

दुसरा घाव घरातून आला. चिरंजीव इंजिनियरिंगला आहेत, त्यामुळे त्यांना सगळ्याचा हिशोब येतो, फक्त पॉकेटमनीचा येत नाही. माझं वजन ८२ किलो, सात मजल्यांची उंची साधारण २१ मीटर. त्यानं गुणाकार केला, मग "शरीर काही शंभर टक्के कार्यक्षम नसतं बाबा, चार-पाचपट धरू" असं म्हणून उत्तर काढलं: सात मजले चढण्याचे जेमतेम वीस कॅलरी. म्हणजे एक ग्लुकोज बिस्किट. आणि ते मी चढून आल्या आल्या चहाबरोबर खाल्लेलं असतं. एक नाही, चार. त्या हिशोबानं मी रोज तीन वेळा सातवा मजला चढण्याचं कर्ज काढून सोफ्यावर बसतो.

"पण हृदयाला चांगलं असतं," ही म्हणाली. त्याला मात्र पुरावा आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबलडेकर बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास करून १९५३ साली तो छापला होता. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा बसच्या जिन्यावरून खाली-वर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता. हे वाचून मला आमचे काका आठवले. ते बेस्टच्या डबलडेकरवर कंडक्टर होते. मी लगेच फोन लावला, "काका, तुमच्या तब्येतीचं रहस्य कळलं!" काका म्हणाले, "अरे, आमच्याकडे डबलडेकरला दोन कंडक्टर असायचे. मी खालचा. वर कोण जातंय मरायला!"

तर अशा पाठिंब्यावर मी चढत राहिलो. पहिले तीन मजले मी रुबाबात चढतो. कुणी भेटलं तर "काय, कसं काय?" असं पूर्ण वाक्य बोलतो. दुसऱ्या मजल्यावर बोंबील तळल्याचा वास असतो, तिसऱ्यावर लसणाची फोडणी. तिथवर भूक लागते आणि चौथ्यापासून ती मरते. पाचव्याकडे जाताना मी "हं" एवढंच बोलू शकतो, आणि सहाव्यावर नुसती मान हलवतो. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी त्यावरून "हल्ली फार शिष्ट झालेत" असं हिला कळवलंही आहे.

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या वळणावर मी थांबतो. पण थांबलोय असं दिसता कामा नये. नुसतं उभं राहिलं की लोक पाणी आणतात, ईसीजीची चौकशी करतात. त्या वळणावर चेन निघालेली एक लहान सायकल आहे, मनीप्लँट लावलेली दारूची बाटली आहे आणि भिंतीला टांगलेलं आग विझवायचं लाल नळकांडं आहे. नळकांड्याला दोऱ्यानं एक कार्ड बांधलंय. मी चष्मा वर करून ते कार्ड वाचत असल्याचं नाटक करतो. महिनाभर रोज वाचल्यावर एके दिवशी ते खरंच वाचलं गेलं, तर पुन्हा भरायची तारीख उलटून दोन वर्षं झालेली! सोसायटीच्या सभेत मी हे उत्साहानं सांगितलं. सभेनं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या मजल्यांवरची नळकांडी भरून आणायचं काम एकमतानं माझ्यावर सोपवलं. "नाहीतरी तुम्ही जिन्यातच असता," असं सेक्रेटरी म्हणाले.

याच वळणावर एकदा मला सिलिंडरवाला भेटला. पंचविशीतला किडकिडीत मुलगा, खांद्यावर टॉवेलची घडी, त्यावर भरलेला सिलिंडर. आत गॅस १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन, मिळून तीसच्या घरात. आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, 'सिलिंडर व अवजड सामान नेण्यास मनाई'. ती लावायच्या ठरावावर माझीही सही आहे. सातव्या मजल्यावर राहणाऱ्यानं असल्या ठरावावर सही करू नये, पण त्या दिवशी सभेत बटाटेवडे होते.

त्यानं मला कार्ड वाचताना पाहिलं. "काका, लिफ्ट बंद आहे?"

"नाही, चालू आहे."

"मग?"

"व्यायाम."

त्यानं सिलिंडर ठण्णकन खाली ठेवला. बहुतेक नीट बघता यावं म्हणून. मग टॉवेलनं मान पुसत म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलं?" मी मान हलवली. "फी घेतली?" मी पुन्हा मान हलवली. तो काही बोलला नाही. सिलिंडर खांद्यावर टाकून दोन-दोन पायऱ्या चढत गेला. मी सहाव्यावर पोचलो तेव्हा तो रिकामा सिलिंडर घेऊन खाली निघाला होता. सिलिंडर आमच्याच घरचा होता.

परवा तीन महिने झाले. रिपोर्ट ५.९ आला. डॉक्टर खूश, मी त्याहून खूश. फक्त गुडघे कुरकुरताहेत म्हटल्यावर त्यांनी खुलासा केला की, त्रास चढण्यानं नाही, उतरण्यानं होतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. "तेव्हा चढा, पण उतरू नका."

"म्हणजे वरच राहू?"

"उतरताना लिफ्ट वापरा हो!"

झालं. आता मी चढताना कुणाला दिसत नाही, कारण गर्दी टाळून रात्री चढतो. आणि सकाळी अख्ख्या सोसायटीला दिसतो तो लिफ्टमधून बाहेर पडताना. "सुटला वाटतं व्यायाम?" असं तिघांनी विचारलं. वॉचमन नुसताच हसला.

आज सकाळी तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर समोर जिन्याच्या पहिल्या पायरीशी सिलिंडरवाला. खांद्यावर टॉवेल, पायाशी भरलेला सिलिंडर.

"काय काका, आज सुट्टी?"

"नाही रे, चढतो मी. पण उतरताना गुडघ्यांना फार वाईट असतं म्हणे."

त्यानं वाकून सिलिंडर उचलला, खांद्यावर नीट बसवला.

"असं आहे काय? मला तर उतरतानाच बरं वाटतं," तो म्हणाला. "तेव्हा रिकामा असतो ना."