गाडी विका, पण एनसीबी स्वतःकडे ठेवा

जुनी गाडी देऊन नवी घेताना लोक टायर, बॅटरी, सीट कव्हर, सगळ्याचा भाव करतात. आणि पाच-सहा वर्षं एकही क्लेम न घेता जमवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जुन्या पॉलिसीसकट सोडून देतात. तो परत मिळवायला पुन्हा पाच वर्षं लागतात. हे फार वेळा घडतं आणि ते पूर्णपणे टाळता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एनसीबी पॉलिसीधारकाच्या नावाचा असतो. गाडी गेली तरी तो त्याचाच राहतो. एक वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. त्यापुढे वाढत नाही. ही सूट फक्त ओडी, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळते. नव्या कारसोबत ३ वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा प्रीमियम एकदम भरावा लागतो, त्यात एनसीबीने एक रुपयाही कमी होत नाही. त्यामुळे कोटेशनच्या एकूण आकड्यावर ५० टक्के मोजू नका, ओडीची ओळ शोधा.

आता हिशोब बघा. नव्या गाडीचा ओडी प्रीमियम २०,००० रुपये धरू. ५० टक्के एनसीबी लावला तर १०,००० वाचतात, वर १८ टक्के जीएसटीचे १,८०० वाचतात. एनसीबी गेला तर पहिल्या वर्षी सूट शून्य, मग २०, २५, ३५, ४५. म्हणजे पाच वर्षांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, मिळून १२५ टक्के जास्त भरले. ओडी तेवढाच राहिला असं धरलं तर २५,००० रुपये, जीएसटी वेगळा. दरवर्षी आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत उतरते म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल, पण नुकसान याच घरातलं आहे.

गाडी विकल्यावर जुन्या विमा कंपनीकडून एनसीबी रिझर्व्हिंग लेटर घ्यायचं. एजंट त्याला नुसतं 'एनसीबी लेटर' म्हणतात. अर्जासोबत साधारणपणे पॉलिसीची प्रत, आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० च्या सह्या केलेल्या प्रती आणि खरेदीदाराला गाडी दिल्याची पावती लागते. काही कंपन्या आरसी खरेदीदाराच्या नावावर झाल्याचा पुरावा मागतात. अधिकृत यूज्ड कार डीलरला गाडी दिली असेल तर फॉर्म २९सी ची, म्हणजे डीलरला गाडी दिल्याच्या सूचनेची प्रत ठेवा. एप्रिल २०२३ पासून ही सोय आहे. चावी देण्याआधी या प्रत्येक कागदाचा फोटो काढा, कारण गाडी गेली की खरेदीदार फोन उचलेलच असं नाही.

पत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. नाव आरसीवर आहे तसंच हवं, गाडी नंबर आणि पॉलिसी नंबर बरोबर हवा, टक्केवारी स्पष्ट हवी आणि पॉलिसीची मुदत कधी संपते ती तारीख हवी. नावातलं एक अक्षर चुकलं तरी नवी कंपनी पत्र परत पाठवते.

टक्केवारीत एक बारकावा आहे. चालू वर्ष पूर्ण झाल्याशिवाय पुढची पायरी मिळत नाही. पॉलिसीवर ३५ टक्के लिहिलेत आणि वर्ष संपायला तीन आठवडे आहेत, अशा वेळी गाडी विकली तर पत्रावर ३५ च येतील. सौदा तेवढा थांबत असेल तर वर्ष पूर्ण होऊ द्या, ४५ टक्क्यांचं पत्र मिळेल.

मुदतींचा घोळ तर सगळीकडे आहे. ९० दिवसांची मुदत त्याच गाडीच्या नूतनीकरणाची आहे. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की एनसीबी गेला. गाडी विकून लगेच दुसरी घेतली नाही, तर जुन्या पॉलिसीची मुदत संपल्यापासून ३ वर्षांच्या आत नव्या गाडीवर तो लावता येतो. दोन वर्षं गाडीशिवाय काढणाऱ्यालाही म्हणूनच हे पत्र लागतं.

नवी गाडी आधी आली आणि जुनी अजून दारात आहे, असंही होतं. एकच एनसीबी दोन गाड्यांवर एकाच वेळी चालत नाही. जुन्या पॉलिसीवरची सूट उरलेल्या मुदतीसाठी परत भरायची, तसं एंडॉर्समेंट (पॉलिसीत बदलाची नोंद) करून घ्यायचं आणि एनसीबी नव्या गाडीवर न्यायचा. शोरूमच्या विमा डेस्कवर घाईत 'नंतर ॲडजस्ट करू' म्हणतात, ते मान्य करू नका. पॉलिसी निघण्याआधीच कोटेशनमध्ये एनसीबीची ओळ दिसली पाहिजे. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्तीही नाही.

नावाचा विचार बुकिंगच्या आधी करा. वडिलांच्या नावावरच्या गाडीचा एनसीबी मुलाच्या नव्या गाडीला लागत नाही, नवऱ्याचा बायकोलाही नाही. पॉलिसीधारकाचा मृत्यू झाला आणि गाडी जोडीदार, मुलं किंवा आई-वडिलांकडे आली, तरच तो त्यांच्याकडे जातो. वाहनाचा वर्गही तोच हवा. स्कूटरवर जमवलेला एनसीबी कारला चालत नाही.

खरेदीदारांसाठीही एक गोष्ट. जाहिरातीत '५० टक्के एनसीबीसह पॉलिसी' वाचून जास्त पैसे देऊ नका. तो एनसीबी तुमचा होत नाही. पॉलिसी नावावर करताना कंपनी त्या सुटीचा फरक वसूल करते. आणि नावावर करणं टाळूही नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर विमा खरेदीदाराकडे गेला असं धरलं जातं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं की हे थर्ड पार्टीपुरतंच आहे. ओडीसाठी पॉलिसी प्रत्यक्ष नावावर झालेली लागते. अर्ज १४ दिवसांत करायचा. तो केला नाही आणि गाडी ठोकली, तर दुरुस्ती खिशातून.

विकणाऱ्यानेही आरसीचा पाठपुरावा सोडू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. विकलेल्या गाडीने अपघात केला तर भरपाईची नोटीस त्याच्याच दारात येते.

शेवटचं, पत्र नाही म्हणून फॉर्मवर अंदाजे टक्केवारी टाकून सही करू नका. त्या घोषणापत्रात लिहिलेलं असतं की माहिती चुकीची निघाली तर ओडी विभागाचे सगळे लाभ जप्त होतील. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खात्री करते. क्लेम घेतलेला असताना 'नाही' लिहिलं असेल, तर ते मोठा अपघात होऊन गाडी वर्कशॉपमध्ये उभी असतानाही बाहेर येऊ शकतं.